हाताचा धनी

बशीतला चहा आधी हलला, मग काठावरून ओघळून बोटांवर आला, तेव्हा कुठं शिवशंकरचं लक्ष आपल्या डाव्या हाताकडे गेलं. जालन्याच्या मस्तगडातलं नेहमीचं हॉटेल, कोपऱ्यातलं नेहमीचं टेबल, कॉलेज सुटल्यावर घरी जातानाची नेहमीची वेळ. कुणी धक्का दिला नव्हता. अंगठा आपला आपणच हलत होता. चिमटीत धरलेली हळद चोळावी तसा पहिल्या बोटावर घासत होता. त्यानं बशी खाली ठेवली, हात मांडीवर घेतला. अंगठा हलतच राहिला. त्यानं मनातल्या मनात 'थांब' म्हटलं. चोपन्न वर्षं हा हात त्याचं ऐकत आला होता. फळ्यावर, गाडीच्या हँडलवर, भाकरीच्या तुकड्यावर. आज त्यानं ऐकलं नाही. चहावर साय धरेपर्यंत शिवशंकर त्या अंगठ्याकडे बघत बसला, आणि त्याच्या पाठीतून जी थंडगार शिरशिरी गेली तिच्यात आजाराची भीती नव्हती. ती नंतर आली. आधी ओळख पटली. हा अंगठा त्यानं पाहिलेला होता. हा त्याच्या बापाचा अंगठा होता.

त्याचा बाप धुळाजी मेंढरं राखणारा धनगर. अंबडच्या पुढं, अंतरवाली सराटीच्या अलीकडं कुठंतरी आत वळल्यावर लागणाऱ्या त्यांच्या गावात ओढ्याच्या काठावर बिरोबाचं लहानसं देऊळ आहे, आणि त्या देवळातला देव चाळीसेक वर्षं धुळाजीच्या अंगात येत होता. यात्रेच्या दिवशी ढोल वाजायला लागला की धुळाजी दाराशेजारच्या दगडावर घोंगडी टाकून बसायचा. बराच वेळ काहीच व्हायचं नाही. मग डाव्या हाताचा अंगठा हलायचा. मग मनगट, मग खांदा, मग गळ्यातून खोल विहिरीत घागर बुडावी तसा आवाज, आणि तिथून पुढं जो बोलायचा तो धुळाजी नसायचा. तो गावाला पाऊसपाणी सांगायचा, आजारी गुरांवर भंडारा टाकायचा, रडणाऱ्या बाईला 'रडू नको' असं इतक्या अधिकारानं म्हणायचा की ती थांबायची. सगळ्या आळ्यांतले लोक यायचे. देव गेला की धुळाजी पाणी मागायचा आणि ओशाळल्यासारखा विचारायचा, काय बोल्लो मी? दुसऱ्या दिवशी त्याच हातानं तो मेंढीची लोकर कातरायचा, आणि कातडीला ओरखडाही उठायचा नाही.

शिवशंकर शिकायला जालन्याला आला, तर्कशास्त्राच्या पुस्तकांनी भारावून गेला, आणि एका सुटीत त्यानं बापाला गाठलंच. देव तुमच्या अंगात येतो, तवा तुमी कुठं जाता? मेंढरं ओढ्यावर पाणी पीत होती. धुळाजी त्यांच्याकडं बघत म्हणाला, "मी बाजूला सरतो. जागा दिल्याबिगर कुणी येत अस्तंय का?" शिवशंकरला हसू आलं होतं. त्यानं तिथंच काठीनं वाळूत रेघा ओढून बापाला समजावलं होतं की एक वस्तू एकाच वेळी स्वतः आणि दुसरी असू शकत नाही. हा विचाराचा पहिला नियम आहे, तो मोडला तर काहीच बोलता येणार नाही. धुळाजीनं सगळं ऐकून घेतलं. लेकराला इतकं बोलता येतं याचा आनंदच त्याच्या तोंडावर होता. मात्र त्यानंतर त्यानं शिवशंकरला यात्रेला ये असं कधी म्हटलं नाही, आणि शिवशंकरही जायचा टाळत गेला. पुढं तो तर्कशास्त्राचाच मास्तर झाला. दर जूनमध्ये नव्या वर्गाला तोच नियम नव्यानं सांगायचा. अ म्हणजे अ. पोरं वहीत लिहून घ्यायची, आणि फळा पुसताना त्याला कधीमधी ओढ्याची वाळू आठवायची.

हॉटेलातल्या त्या संध्याकाळनंतर त्याचं आयुष्य लपवण्यात जाऊ लागलं. वर्गात डावा हात खिशात. घरी जेवताना मांडीखाली. त्याची बायको, प्रेमला, त्याला हाक मारायची तेव्हा तो आधी हात झाकायचा आणि मग मान वर करायचा. अनोळखी माणूस घरात येऊन राहावा आणि त्याला घरच्यांपासून दडवून जेवूखाऊ घालावं, तसं चाललं होतं. शेवटी तो एकटाच डॉक्टरकडे गेला. डॉक्टर तरुण होता, सौम्य होता. त्यानं शिवशंकरला खोलीत चालायला लावलं, टाळ्या वाजवल्यासारखी बोटं उघडमीट करायला लावली, आणि स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. नाव लिहिता लिहिता बारीक होत गेलं. शेवटच्या ओळीत तर मुंग्यांची रांग उमटली होती. कंपवात, डॉक्टर म्हणाला. मेंदूतला आजार आहे, हळू चालणारा आहे, गोळ्या आहेत; ताण आला की थरथर वाढेल. घरात कुणाला होता का असा? प्रश्न साधा होता. होता म्हणावं तर बापाचा हात यात्रेचा दिवस सोडून कधी हलला नाही. नव्हता म्हणावं तर मग तो अंगठा कसला होता? कुणाला नाही, असं तो म्हणाला, आणि जिना उतरताना त्याला वाटलं की आपण बापाबद्दल काहीतरी शेवटचं बोलून आलो, आणि ते बोलायचा आपल्याला अधिकार नव्हता.

रात्री डोळा लागायचा नाही तेव्हा तो उजव्या हातानं डावा हात धरून पडायचा. हा माझा हात. पण जो माझं ऐकत नाही तो माझा कसा? आणि ऐकतो तेवढाच मी असेन, तर मी असा किती उरतो? असले प्रश्न त्यानं परीक्षेत पाच मार्कांना घातले असते. आता ते अंथरुणात शेजारी येऊन झोपत होते. त्यात भर म्हणून बाहेरही कुणी ना कुणी रोज तेच विचारत होतं. गेली दोन-तीन वर्षं आरक्षणावरून जिल्ह्याची हवा तापलेली. एका बाजूचा उपोषणाचा मांडव उभा राहिला की उत्तराला दुसऱ्या बाजूचा राहायचा. ज्या स्टाफरूममध्ये तीस वर्षं तो नुसता 'सर' होता, तिथं वीस वर्षांचा सोबती एक दिवस बोलता बोलता 'तुमचे लोक' म्हणाला आणि पुढं बोलत राहिला, आपण काय म्हणालो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. शिवशंकरनं मात्र डबा झाकून ठेवला. आणि समाजाच्या मेळाव्यात त्याला धरून नेऊन व्यासपीठावर बसवलं, पिवळा फेटा बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि 'आपला माणूस' म्हणून टाळ्या वाजवल्या, तेव्हाही तो तितकाच परका होता. बापाच्या घोंगडीला मेंढरांचा वास होता. या घोंगडीला दुकानाचा होता. 'तुमचे' आणि 'आपला' या दोन शब्दांच्या मधे कुठंतरी तो उभा होता आणि त्याला बसायला जागा नव्हती.

आणि एक गोष्ट तर त्यानं कुणाला सांगितलेलीच नव्हती. धुळाजी गेला तो याच तापलेल्या दिवसांत. गावात मच्छिंद्र नावाचा मराठा शेतकरी होता, धुळाजीच्याच वयाचा. दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. यात्रेचा पहिला नारळ मच्छिंद्रचा, हे ठरलेलं. धुळाजीची माती निघाली ती मच्छिंद्रच्या घरावरूनच, दुसरी वाट नाही. खांदा देताना शिवशंकरनं मान वळवून पाहिलं, तर दार लावलेलं. दिवसाढवळ्या, सुगीच्या दिवसांत. ओसरीवर मच्छिंद्रच्या चपला होत्या. माणसं अशी का वागतात हे शिवशंकर वर्गात शांतपणे उलगडून सांगायचा. ते लावलेलं दार त्याला उलगडलं नाही. ते तो तसंच बरोबर घेऊन जालन्याला आला होता.

प्रेमलाला शेवटी कळलंच. गोळ्यांची पाकिटं सापडली. ती रागावली नाही. कणीक मळता मळता थांबली, हात धुतले, त्याचा डावा हात ओट्यावर ठेवून त्यावर आपला पंजा ठेवला, आणि इतके दिवस एकट्यानं कसे काढले, एवढंच विचारलं. त्याच आठवड्यात गावाहून चुलतभाऊ सुग्रीवचा फोन आला. मेंढरं आता तोच राखायचा, यात्रेचा ढोलही तोच वाजवायचा. यंदा ये, म्हणाला. काका गेल्यापासून देव कुणाच्याच अंगात आला नाही, दगड मोकळा आहे, काकूला बघवत नाही. शिवशंकर नाही म्हणणार होता. का कोण जाणे, हो म्हणाला.

अंबडला बस बदलून तो आणि प्रेमला दुपारच्या आधी पोचले. कापूस वेचून झालेला, रानात पऱ्हाट्या वाळलेल्या. चौकात पूर्वी चहाची एक टपरी होती, आता समोरासमोर दोन झाल्या होत्या, आणि कोण कुणीकडं बसायचं हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. देवळापुढं माणसं होती, पण सगळी धनगरांच्याच वस्तीवरली. दाराशेजारचा दगड धुऊन त्यावर धुळाजीची घोंगडी घडी करून ठेवली होती. दगडापासून हातभरावर शिवशंकरची माय, वच्छलाबाई, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं लेकाला शेजारी बसवून घेतलं. गार वाऱ्याचं निमित्त करून त्यानं अंगावर शाल ओढली आणि हात आत घेतला.

सुग्रीवनं ढोलावर टिपरू टाकलं. पहिल्या ठोक्याला शिवशंकरच्या छातीत कुणीतरी आतून उत्तर दिल्यासारखं झालं. हा ताल त्यानं तीस वर्षं ऐकला नव्हता आणि एक दिवसही विसरला नव्हता. ताण आला की वाढेल, डॉक्टरचा आवाज म्हणाला. वाढलं. अंगठा, मग मनगट. शालीखाली पाखरू फडफडावं तसं झालं, आणि शाल हलू लागली. सुग्रीवची नजर तिथं गेली. वाजवता वाजवता त्याचा चेहरा बदलला, ठोका बदलला. देवाला बोलावायचा ठोका झाला. "आला," तो म्हणाला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला. मग सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी शाल ओढून काढली. डोक्यावर, खांद्यावर, डोळ्यांवर भंडाऱ्याची हळद पडली, आणि ती पिवळी धूळ खाली बसली तेव्हा समोरची सगळी वस्ती हात जोडून वाकलेली होती.

त्यानं तोंड उघडलं ते खरं सांगण्यासाठी. पण समोर एक म्हातारा वाकला होता, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच इथं कुणी शिवशंकरला तू कोण असं विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. ते इतकं सोपं होतं, आणि इतकं ऊबदार, की त्याचे डोळे मिटायला लागले. शिवाय हे खोटं आहे हे तरी कुणी ठरवायचं? देवाला यायला आजाराचीच वाट का चालू नये? तीस वर्षं ज्या शास्त्रावर पोट भरलं ते हाताशी उभं होतं, पण त्याच्याकडं या प्रश्नावर बोलायला काही नव्हतं. तेवढ्यात त्याच्या मनगटावर खरखरीत बोटं आली. मायनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला, दाबला, वाट पाहिली. थरथर थांबली नाही. चाळीस वर्षं तिनं देव आलेला हात जवळून पाहिला होता; हा तसला नव्हता. ती त्याच्या कानाशी झुकली.

"हे कवापासून हाये?"

"दिवाळीपासून, माय."

 तिनं हात सोडला नाही.

तेव्हा गर्दीत हालचाल झाली आणि माणसं नकळत दोन बाजूंना झाली. लिंबाखाली डोक्यावर पदर घेऊन एक बाई मघापासून उभी होती. ती पुढं आली. मच्छिंद्रची बायको, द्वारकाबाई. मराठ्यांच्या आळीतून दोन वर्षांत देवळाकडं आलेलं हे पहिलंच माणूस. कुणी तिला या म्हटलं नाही, कुणी आडवलंही नाही. ती शिवशंकरच्या पुढं गुडघ्यांवर बसली. तिच्या हातात नारळ नव्हता, काहीच नव्हतं.

"देवा," ती म्हणाली, "तुझ्या धुळाजीच्या मातीला आमचा माणूस आला न्हाई. दार लावून आत बसला व्हता. तवापासून कुणाशी धड बोलत न्हाई, ताटावर बसतो अन् तसाच उठतो. त्याला माफी हाये का न्हाई, एवढंच सांग. न्हाई असंल तर तसं सांग. मी जाऊन सांगते त्याला."

आहे. एक शब्द. देवानं म्हटला असता आणि ही बाई उठून घरी गेली असती, मच्छिंद्र आज दोन घास जेवला असता. शब्द शिवशंकरच्या जिभेवर आला. आणि त्याच वेळी त्याला आपल्या आत, छातीच्या डाव्या अंगाला, ते लावलेलं दार लख्ख दिसलं, ओसरीवरच्या चपलांसकट. देवानं माफ केलं असतं आणि ते दार तिथंच राहिलं असतं. देवाला माफी द्यायला काहीच मोल पडत नव्हतं. ज्याला पडत होतं तो घोंगडीशेजारी देव होऊन बसला होता.

"काकू," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज त्याला फार बारीक वाटला, "देव आला न्हाई. हा आजार हाये, डॉक्टरनं सांगितलंय. मी शंकर हाये, धुळाजीचा पोरगा."

ढोल थांबला. वाकलेली माणसं एकेक करून सरळ झाली. काहींनी त्याच्याकडं पाहिलं, बहुतेकांनी नजर चुकवली. द्वारकाबाई तशीच बसून राहिली. तिला राग आला नव्हता, नुसतं काही सुचत नव्हतं.

"मंग मी आता कुणाला विचारू?"

 तो उठला. उठताना डावा पाय जड गेला, प्रेमलानं दंड धरला. चला, तो द्वारकाबाईला म्हणाला, घरी चला. सुग्रीव ढोल गळ्यात घेऊन वाटेतच उभा होता. त्याच्या गालांवरची हळद ओली झाली होती.

"एक दिस गप बसला असतास, भाऊ. काय बिघडलं असतं?"

"ढोल बंद ठेवू नको, सुग्रीव," वच्छलाबाई मागून म्हणाली. "यात्रा देवाची हाये. ह्याची न्हाई."

चौकातून जाताना दोन्ही टपऱ्यांवरची माणसं बघत होती. शिवशंकरचं सगळं अंग पिवळं होतं, हात उघडा होता, हलत होता, आणि तो झाकायचं त्याला सुचलं नाही. मच्छिंद्र आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. तो इतका वाळला होता की शिवशंकरला आधी तो दुसराच कुणी वाटला. हळदीनं माखलेला माणूस दारात पाहून म्हातारा धडपडत उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. देव आला का, असं काहीतरी पुटपुटला.

"न्हाई, काका. शंकर आलाय."

मच्छिंद्रचे हात जोडलेलेच राहिले. द्वारकाबाई दाराशी थांबली.  मग म्हातारा बोलला, फार दिवस न वाजलेल्या आवाजात, चाचरत. लोक म्हणतात आळीतल्या पोरांनी आडवलं. पोरांनी नाही आडवलं. कुणीच नाही आडवलं. "माझं मीच दार लावलं. वाटलं, आज गेलो तर उद्या आळीत काय म्हणतील. उलीसं, जरासंच वाटलं, बस्स, तेवढ्यात तुमी लोक दारावरून गेल्ते. पावलं ऐकून राह्यलो होतो मी आतून. समदे गेले तरी ऐकूनच राह्यलो."

शिवशंकरनं ठरवलेलं काहीच नव्हतं. क्षमेचा शब्द तो देवळातून ओंजळीत धरून आणतो आहे असं त्याला वाटेत वाटलं होतं. इथं येऊन पाहतो तर ओंजळ रिकामी.

"मला लई राग आल्ता, काका," तो म्हणाला. "अजूनबी हाये. खोटं कशाला बोलू?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, जणू एवढा वेळ तो हेच ऐकायला थांबला होता. "बराबर हाये," तो म्हणाला. "राग असू दे. मला एवढं दाव, धुळाजीला माती कुठं दिली. कुणाला विचारलं न्हाई मी. कोणत्या तोंडानं विचारू?"

दोघं निघाले. बायका मागं राहिल्या. धनगरांच्या रिवाजाप्रमाणं धुळाजीला त्याच्याच जमिनीच्या तुकड्यात, ओढ्याकडच्या बांधाला पुरलं होतं. पऱ्हाट्यांच्या काकरीतून वाट होती. शिवशंकरचं डावं पाऊल घासत पडायचं, मच्छिंद्रला धाप लागायची. दोघांची चाल सारखीच होती. मागून देवळातला ढोल पुन्हा सुरू झालेला ऐकू येत होता. ठोक्याबरोबर हात हलत होता की हात आपल्याच मनानं, हे शिवशंकरनं तपासलं नाही. बांधावर शेंदूर लावलेला एक दगड होता, भोवती गवत वाळलेलं, कोकरांच्या लेंड्या पडलेल्या. इथं, तो म्हणाला.

मच्छिंद्र खाली बसला. त्यानं मुठीत माती घेतली. घेतली आणि तशीच धरून राहिला. मूठमाती त्याच दिवशी द्यायची असते, एवढं दोघांनाही ठाऊक होतं. आता दिली तर पोचती का, असं त्यानं विचारलं, आणि ते शिवशंकरला विचारलं की आणखी कुणाला, ते कळलं नाही. शिवशंकर त्याच्याशेजारी टेकला. त्यानंही माती घेतली, डाव्याच हातात. मूठ उचलली तशी माती बोटांच्या फटींतून आपोआप गळायला लागली, बारीक, थांबून थांबून, टाकायच्या आधीच. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि आपली मूठ हळूच सोडली.

मग तो धुळाजीशी बोलायला लागला. यंदा कापूस बरा झाला. विहिरीला पाणी आहे. गुडघा दुखतो. शिवशंकर ऐकत बसला. मेलेला माणूस ऐकतो की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नाही, आणि तो आला नाही हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. ऊन कलतीला लागलं होतं.

"दर उन्हाळ्यात तुझी मेंढरं माझ्या रानात बसायची," मच्छिंद्र दगडाला म्हणाला. "खताची सोय व्हायची. दोन सालापासून रान सुनं पडलंय, धुळाजी."

तो उत्तराची वाट बघत थांबला. शिवशंकरही थोडा वेळ थांबला.

"मेंढरं सुग्रीवकडं हायेत, काका," मग तो म्हणाला. "मी सांगतो त्याला. पण तो लगीच हो म्हणणार न्हाई."

"न्हाई म्हणला तर म्हणू दे," मच्छिंद्र म्हणाला. "तू विचारून तर बघ."